खडकांचे वय आणि ताऱ्यांचे वय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला होता. दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जी दीर्घिका जितकी लांब तितका तिचा वेग अधिक, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवून दिले. त्यांच्या आकड्यांवरून काळ उलटा मोजत गेले, तर विश्वाच्या प्रसरणाला सुरुवात होऊन जेमतेम २ अब्ज वर्षे झाली असावीत, असे उत्तर येत होते. त्याच काळात युरेनियमचे शिशात होणारे रूपांतर मोजून खडकांची वये काढणारे भूवैज्ञानिक मात्र अधिकाधिक मागे जात होते, आणि १९४०च्या दशकात आर्थर होम्स यांनी पृथ्वीचे वय ३ अब्ज वर्षांच्या पलीकडे नेऊन ठेवले. ज्या विश्वात पृथ्वी जन्मली, त्या विश्वापेक्षा पृथ्वीच वयाने थोरली ठरत होती. विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताला १९४८ नंतर जो पाठिंबा मिळाला, त्याच्या कारणांमध्ये ही अडचणही होती. अखेर १९५२ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी उलगडा केला. ठराविक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ज्या सेफीड ताऱ्यांवरून अंतरे मोजली जात होती, ते दोन निराळ्या प्रकारचे असून हिशेबात त्यांची सरमिसळ झाली होती, आणि त्यामुळे देवयानी दीर्घिका समजुतीपेक्षा सुमारे दुप्पट दूर होती. अंतरे वाढली तसे विश्वाचे वयही वाढले. पुढे आणखी दुरुस्त्या होत होत आज ते १३.८ अब्ज वर्षांवर स्थिरावले आहे, तर पृथ्वीचे वय सुमारे ४.५ अब्ज वर्षांवर.

खगोलशास्त्र आणि भूशास्त्र यांच्या नात्याचा विचार करताना मी नेहमी या प्रसंगाशी येऊन थांबतो, कारण दोन्ही शास्त्रांचा खरा समान विषय काळ आहे, ही गोष्ट त्यात जितकी स्वच्छ दिसते तितकी अन्यत्र क्वचित दिसते. आणि काळावरून झालेला त्यांचा हा पहिला तंटा नव्हता.

त्याआधी नव्वद वर्षांपूर्वी परिस्थिती नेमकी उलटी होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्रज्ञ, यांनी १८६२ साली दोन बाजूंनी पृथ्वीच्या वयाला मर्यादा घातली. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेतून थंड होत आली असेल, तर जमिनीत खोल जाताना तापमान ज्या दराने वाढते, त्यावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असले पाहिजे. आणि सूर्य जर स्वतःच्या भाराने आकुंचन पावून उष्णता देत असेल, तर तो १० कोटी वर्षांहून फार अधिक काळ तळपत राहिलेला असणे संभवत नाही. शतकाच्या अखेरीस त्यांनी ही मर्यादा आणखी आवळून २ ते ४ कोटी वर्षांवर आणली. गाळाचे थर साचायला, डोंगर झिजायला आणि जीवसृष्टी बदलायला याहून कितीतरी अधिक काळ लागला असणार, हे भूवैज्ञानिकांना क्षेत्रातील अनुभवावरून दिसत होते. पण गणित समोर ठेवणाऱ्यापुढे अनुभवाचे शब्द तोकडे पडतात, आणि त्यांच्यापैकी बरेच जण नमले. किरणोत्सारितेचा शोध लागला आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा नवा स्रोत सापडल्यामुळे केल्विन यांचा हिशेब कोसळला, असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु ते पुरते खरे नाही. त्यांचेच एकेकाळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते की पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णतेचे वहन पृष्ठभागाजवळच्या खडकांपेक्षा अधिक चांगले होत असेल, म्हणजे आतला पदार्थ मंदपणे का होईना पण वाहत असेल, तर तेच मोजमाप कितीतरी मोठ्या वयाशी जुळते. सूर्याच्या बाबतीत तर एका भूवैज्ञानिकाने केलेला प्रश्न मला त्या काळातील सर्वांत धाडसी प्रश्न वाटतो. थॉमस चेंबरलिन यांनी १८९९ साली विचारले की सूर्याच्या गाभ्यातील असामान्य परिस्थितीत पदार्थ कसा वागतो हे आपल्याला इतके पक्के ठाऊक आहे का, की तिथे उष्णतेचा अज्ञात स्रोत नाहीच असे ठामपणे म्हणता यावे? अणूंच्या आत प्रचंड ऊर्जा कोंडलेली असू शकेल, असेही त्यांनी सुचवले. आर्थर एडिंग्टन यांनी हायड्रोजनच्या हेलियममध्ये होणाऱ्या रूपांतराकडे बोट दाखवायला १९२० साल उजाडले आणि हान्स बेथे यांनी त्या प्रक्रियेचे टप्पे मांडायला १९३९. सूर्यात काहीतरी अज्ञात आहे, ही सूचना त्याआधीच खडकांच्या थरांनी दिलेली होती.

हेलियमची गोष्टही या दोन शास्त्रांमध्ये ये-जा करणारी आहे. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा आढळली आणि तिच्यावरून नॉर्मन लॉकयर यांनी नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली. विल्यम रॅम्झी यांना ते मूलद्रव्य पृथ्वीवर मिळाले ते १८९५ साली, क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजात अडकलेल्या वायूमध्ये. ते तिथे का होते, याचा उलगडा किरणोत्सारितेने केला: युरेनियमचा ऱ्हास होताना हेलियमची केंद्रके बाहेर पडतात आणि खनिजात साठत राहतात. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी मग याच साठ्याचे मोजमाप करून खनिजाचे वय काढण्याचा पहिला प्रयत्न केला. सूर्यप्रकाशात ओळखला गेलेला वायू खडकाचे पहिले घड्याळ झाला.

या घड्याळांच्या आधारे पृथ्वीचे नेमके वय ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी समोर पृथ्वीचा दगड नव्हता. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेला ४.५५ अब्ज वर्षांचा आकडा हा अशनींमधील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वजनाने वेगवेगळ्या अणुप्रकारांवरून, काढलेला होता, आणि त्या अशनींमध्ये अॅरिझोनातील विवर घडवणाऱ्या लोखंडी गोळ्याचा तुकडाही होता. पृथ्वीने आपले सुरुवातीचे खडक स्वतःच वितळवून, दाबून, पुन्हा घडवून नाहीसे केले आहेत. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्समध्ये सापडलेले ४.४ अब्ज वर्षांपूर्वीचे झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण हाच काय तो त्या काळाचा अवशेष, आणि तेही मूळ खडकातून सुटून नंतरच्या खडकात येऊन पडलेले. स्वतःच्या जन्माचा दाखला पृथ्वीला आकाशातून मागवावा लागला.

भूवैज्ञानिक आपला विषय हातात धरतो आणि खगोलशास्त्रज्ञाला फक्त प्रकाश मिळतो, हा या शास्त्रांमधील फरक म्हणून सर्वप्रथम सांगितला जातो. त्यात तथ्य आहे, पण तो वाटतो तितका खोल नाही. माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पावरचे असून त्याची खोली १२,२६२ मीटर आहे, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे केंद्रापर्यंतच्या वाटेचा पाचशेवा भागही आपण ओलांडलेला नाही. त्याखालचे सर्व ज्ञान भूकंपलहरींच्या प्रवासावरून आलेले आहे. इंगे लेमान यांनी १९३६ साली पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक निराळा गाभा आहे हे ओळखले, ते न्यूझीलंडच्या भूकंपाच्या लहरी ज्या ठिकाणी पोहोचू नयेत तिथे पोहोचल्या म्हणून. दूरवरून आलेल्या कंपनांवरून न दिसणाऱ्या वस्तूचे अंतरंग सांगणे हे तर खगोलशास्त्राचेच काम झाले. उलट, १९६०च्या दशकाच्या आरंभी सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो हे लक्षात आले आणि पुढे ही स्पंदने सूर्याच्या पोटात घुमणाऱ्या ध्वनिलहरी असल्याचे कळले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी भूकंपशास्त्राचीच पद्धत सूर्याला लावली. आज सूर्याच्या अंतर्भागाचे परिवलन खोलीनुसार कसे बदलते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ते या मार्गाने ठाऊक झालेले आहे. स्पर्शाचा मुद्दा म्हणूनच मला निर्णायक वाटत नाही.

मला जाणवणारा फरक वेगळा आहे. खगोलशास्त्रज्ञाजवळ उदाहरणे असंख्य आहेत, पण त्यांपैकी एकाचाही जीवनक्रम त्याला पाहता येत नाही. भूवैज्ञानिकाजवळ उदाहरण एकच आहे, पण त्याचा जीवनक्रम त्याच्यापुढे, फाटका का होईना, पसरलेला आहे. विल्यम हर्शेल यांनी १७८९ साली आकाशाची तुलना एका समृद्ध बागेशी केली होती: एकाच रोपाचे अंकुरणे, फुलणे आणि वाळणे पाहत वर्षानुवर्षे थांबण्याऐवजी निरनिराळ्या अवस्थांतील पुष्कळ रोपे एकाच वेळी पाहिली, तरी तेच ज्ञान मिळते. ताऱ्यांचे सगळे शास्त्र या युक्तीवर उभे आहे. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे १० अब्ज वर्षांचे. ते कोणी पाहिलेले नाही, पाहणारही नाही. परंतु मृग नक्षत्रातील अभ्रिकेत नुकतेच जन्मलेले तारे आहेत, कृत्तिकांमध्ये सुमारे १० कोटी वर्षांचे आहेत, गोलाकार तारकागुच्छांमध्ये १२ अब्ज वर्षांहून जुने आहेत, आणि त्यांना क्रमाने लावले की एका ताऱ्याचे चरित्र तयार होते. ते प्रत्यक्षात कोणत्याच एका ताऱ्याचे नसते.

याउलट जेम्स हटन १७८८ साली होडीतून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सिकार पॉइंटला गेले, तेव्हा त्यांच्यासमोर एकच कडा होता. खाली जवळजवळ उभे झालेले करड्या खडकाचे थर, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर किंचित कललेले तांबड्या वालुकाश्माचे थर. समुद्रतळाशी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो उभा उचलला गेला, झिजून सपाट झाला, आणि त्यावर पुन्हा नवा गाळ साचून त्याचाही खडक झाला. हे सगळे एकाच जागेवर, एकामागून एक. इथे तुलनेला दुसरी पृथ्वी नाही, पण 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द खरोखर वापरता येतात. खगोलशास्त्रज्ञाला भूतकाळ प्रत्यक्ष दिसतो हे खरे, देवयानी दीर्घिकेचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा आहे. पण तो भूतकाळ दुसऱ्या कुणाचा तरी असतो. आपल्या स्वतःच्या दीर्घिकेचा भूतकाळ त्याला असा थेट दिसत नाही. भूवैज्ञानिकाला त्याच जागेचा भूतकाळ मिळतो, पण जे टिकले तेवढाच, आणि जे झिजून गेले त्याची जागा सिकार पॉइंटसारख्या एका रेषेने दाखवलेली असते. एकाकडे चरित्राविना गर्दी आहे, दुसऱ्याकडे गर्दीविना चरित्र आहे. दोघांनाही आपल्या विषयावर प्रयोग करता येत नाही, तारा पुन्हा पेटवता येत नाही आणि पर्वत पुन्हा उचलता येत नाही, ही उणीव मात्र दोघांची सारखी आहे.

म्हणूनच जिथे त्यांची क्षेत्रे एकमेकांत शिरतात, तिथे मोठे गोंधळही झाले आहेत आणि मोठे लाभही. अॅरिझोनातील सुमारे १.२ किलोमीटर व्यासाच्या विवराची पाहणी करायला ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट १८९१ साली गेले. आघाताची शक्यता त्यांनी गंभीरपणे तपासली, पुरलेल्या लोखंडाचा चुंबकीय माग काढून पाहिला, तो लागला नाही, आणि विवर वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुर्बिणीतून पाहिलेली चंद्रावरची विवरे मात्र आघातानेच झाली आहेत, हे याच गिल्बर्ट यांनी त्यानंतर लवकरच अचूकपणे मांडले. अमेरिकेतील विवर आघाताचेच आहे हे निःसंशय सिद्ध झाले ते १९६० साली, युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोएसाइट हे क्वार्ट्झचे, अतिशय मोठ्या दाबाखालीच तयार होणारे रूप शोधले तेव्हा. आघाताच्या क्षणी अशनीचा बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन गेला होता, त्यामुळे शोधायला मोठा गोळा उरलाच नव्हता. शूमेकर यांनी या कामातून चंद्राचे भूशास्त्र उभे केले आणि अपोलोच्या अंतराळवीरांना खडक पाहायला शिकवले. त्या मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीचे सर्वांत मोठे देणे मला असे वाटते की तिच्यामुळे विवरे मोजण्याला वर्षांचा अर्थ आला. चंद्राच्या ज्या प्रदेशात अधिक विवरे तो अधिक जुना, एवढे आधीही माहीत होते. पण काही प्रदेशांचे दगड प्रयोगशाळेत येऊन त्यांची वये कळल्यावर विवरांच्या संख्येचे वर्षांत रूपांतर करता येऊ लागले, आणि त्याच कोष्टकाला योग्य ते बदल करून आज मंगळ आणि बुध यांच्या पृष्ठभागांची वये सांगितली जातात.

पण या देवाणघेवाणीचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण चंद्राच्या कक्षेचे आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि त्याच्या मोबदल्यात चंद्र दूर जातो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसरचे किरण परतवून ही गती मोजली गेली आहे: वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर. दिवस लांबत असेल, तर पूर्वी वर्षात अधिक दिवस असले पाहिजेत, आणि जॉन वेल्स यांनी १९६३ साली डेव्होनियन काळातील, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रवाळांच्या जीवाश्मांवरील रोजच्या वाढीच्या बारीक रेषा मोजून दाखवले की तेव्हा वर्षाला सुमारे ४०० दिवस होते. प्रवाळाने आपल्या कवचात सूर्य आणि चंद्र यांचे पंचांग लिहून ठेवले होते. इथवर सगळे जुळते. अडचण पुढे आहे: आजचाच वेग कायम धरून मागे जात राहिले, तर साधारण १.५ अब्ज वर्षांपूर्वीच चंद्र पृथ्वीला येऊन भिडतो, आणि चंद्राचे खडक तर त्याचे वय जवळजवळ ४.५ अब्ज वर्षे सांगतात. या कोड्याचे उत्तर समुद्रांच्या आकारात आहे. भरतीची ऊर्जा किती खर्च होते हे महासागरांच्या लांबी-रुंदीवर आणि खोलीवर अवलंबून असते. आजची खोरी, विशेषतः उत्तर अटलांटिक, भरतीच्या तालाशी अशी जुळलेली आहेत की खर्च नेहमीपेक्षा अधिक होतो. खंड निराळ्या जागी असताना चंद्र अधिक सावकाश दूर जात होता. खंडांचे सरकणे हा भूशास्त्राचा विषय आणि चंद्राची कक्षा हा खगोलशास्त्राचा, असे आपण म्हणत असलो तरी खंड कुठे आहेत हे ठाऊक असल्याशिवाय चंद्र कुठे होता हे सांगता येत नाही, ही गोष्ट मी जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा मला नव्याने थक्क करते.

हिमयुगांच्या बाबतीत देणेकरी आणि घेणेकरी यांची अशीच अदलाबदल झाली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, अक्षाचा कल आणि अक्षाचे डोलणे यांत होणाऱ्या सावकाश बदलांमुळे हिमयुगे येतात-जातात, असे मिलुटिन मिलांकोविच यांनी गणिताने मांडले होते. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी खोल समुद्रतळाच्या गाळात सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची आवर्तने शोधून त्याला पुरावा दिला. त्यानंतर भूवैज्ञानिक खगोलशास्त्राच्या कोष्टकांवरून थरांचे काळ ठरवू लागले. पण ही कोष्टके फार मागे जात नाहीत. ग्रहांच्या परस्पर ओढीमुळे सूर्यमालेची गती दीर्घकाळात अस्थिर असते, आणि साधारण ६ कोटी वर्षांपलीकडची पृथ्वीची कक्षा गणिताने नेमकी काढता येत नाही, मग संगणक कितीही मोठा असो. तिथून पुढे खडकच गणिताला वाट दाखवतात. उत्तर अमेरिकेतील २० कोटी वर्षांहून जुन्या सरोवरांच्या गाळावरून पॉल ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले की पृथ्वी आणि मंगळ यांच्या कक्षांमधील जे आवर्तन आज सुमारे २४ लाख वर्षांचे आहे, ते तेव्हा सुमारे १७.५ लाख वर्षांचे होते. ग्रहांच्या कक्षांचा जुना इतिहास अशा रीतीने चिखलात टिकून राहिला.

समुद्रतळाने आणखीही काही जपले आहे. पॅसिफिकच्या तळाशी लोह आणि मँगनीज यांचे जे कवच लाखो वर्षांत मिलिमीटर-मिलिमीटरने वाढते, त्यात १९९९ साली लोह-६० हे समस्थानिक सापडले. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, सुमारे २६ लाख वर्षे. पृथ्वी घडताना असलेला त्याचा साठा केव्हाच संपून गेलेला असणार. म्हणजे हे लोह अलीकडे, काही दशलक्ष वर्षांपूर्वी, जवळपास झालेल्या एखाद्या ताऱ्याच्या स्फोटातून येऊन पडलेले आहे.

दोन्ही शास्त्रांच्या स्वभावातला फरक प्रकट करणारा ताजा वाद म्हणजे प्लूटोचा. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची जी व्याख्या केली, तिच्यात आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करणे ही अट आहे, आणि ती पुरी न झाल्यामुळे प्लूटो वगळला गेला. २०१५ साली न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेले, तेव्हा पाण्याच्या बर्फाचे पर्वत, आणि ज्यावर आघाताचे एकही ठळक विवर नाही असे नायट्रोजनच्या बर्फाचे, आतून उकळीसारखे मंदपणे घुसळले जाणारे मैदान दिसले. ग्रहांचे भूशास्त्र अभ्यासणाऱ्यांपैकी अनेकांनी तेव्हापासून अधिक जोराने म्हटले आहे की स्वतःच्या भाराने गोल झालेली आणि आतून जिवंत असलेली वस्तू ग्रहच होय. मला या वादात कोणतीही बाजू चुकीची वाटत नाही. खगोलशास्त्रज्ञ विचारतो की ही वस्तू इतरांमध्ये कशी वागते; भूवैज्ञानिक विचारतो की हिच्यावर काय काय घडून गेले आहे. पहिला प्रश्न गर्दीतला आहे, दुसरा चरित्रातला.

आता मात्र भूशास्त्रालाही गर्दी मिळू लागली आहे. इतर ताऱ्यांभोवती ५ हजारांहून अधिक ग्रह सापडले असून त्यांतील काहींची त्रिज्या आणि वस्तुमान दोन्ही ज्ञात आहेत, त्यामुळे सरासरी घनता कळते. घनतेवरून ग्रह खडकाळ असावा इतके म्हणता येते. त्याचा गाभा केवढा, त्यावर खंड सरकतात की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. यापुढची एक वाट मृत ताऱ्यांच्या बाजूने उघडली आहे. श्वेत बटूंचे, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या अशा ताऱ्यांचे, गुरुत्वाकर्षण इतके तीव्र असते की जड मूलद्रव्ये त्यांच्या वातावरणातून लवकर तळाशी बुडतात आणि वर हायड्रोजन किंवा हेलियम तेवढे उरते. तरीही १९१७ साली सापडलेल्या व्हॅन मानेन यांच्या ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा आहेत, आणि अशा खुणा दाखवणारे अनेक श्वेत बटू त्यानंतर मिळाले. या ताऱ्यांनी त्यांच्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांचे किंवा ग्रहांचे तुकडे खगोलीय मानाने नुकतेच गिळले आहेत. त्या तुकड्यांमधील ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह यांचे प्रमाण वर्णपटातून मोजले जाते, पृथ्वीच्या आणि अशनींच्या रासायनिक कोष्टकांशी ताडून पाहिले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ते ढोबळमानाने आपल्या पृथ्वीसारखे निघते. काही ठिकाणी लोह अधिक असते, म्हणजे गिळलेला तुकडा बहुधा एखाद्या फुटलेल्या ग्रहाच्या गाभ्याचा असतो, तर काही ठिकाणी ते कमी असते आणि तुकडा कवचाचा किंवा प्रावरणाचा ठरतो. ज्या ग्रहाचा मागमूसही आता उरलेला नाही, त्याच्यातील लोह कधीकाळी वितळून केंद्राकडे गेले होते, हे असे दुर्बिणीला लावलेल्या वर्णपटमापकातून ठरते आहे.